गोल्ड स्टेटस लवकर मिळावं म्हणून पदरमोड करून एक जादा विमानप्रवास करावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही हिंजवडीत नोकरी करता, कंपनीच्या कामासाठी यंदा चारदा फ्रँकफर्टला जाऊन आलात, स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या गटातल्या एका एअरलाइनचं सिल्व्हर कार्ड हातात आहे आणि त्यावरच्या गोल्ड दर्जाला सहा हजार मैल (उडालेल्या अंतरावर खात्यात जमा होतात ते) कमी पडताहेत. डिसेंबरअखेर मोजणी पुन्हा शून्यावर येणार. तर स्वखर्चाने सिंगापूरची एक फेरी मारावी, की दुसरी एक एअरलाइन फी घेऊन ‘स्टेटस मॅच’, म्हणजे हातातलं कार्ड बघून स्वतःकडचा तोडीचा दर्जा, देतेय ते घ्यावं?

सिंगापूर नको. म्हणजे सिंगापूर बघायचं असेल तर जरूर जा, मुलांनाही न्या, पण मैलांसाठी नको.

आधी साधा हिशेब. मुंबई-सिंगापूर अंतर एका बाजूने साधारण 2,400 मैल. जाऊन-येऊन 4,800. म्हणजे पूर्ण मैल मिळाले तरी तुमचे सहा हजार भरत नाहीत. आणि पूर्ण मिळतील असंही समजू नका. तिकिटावर ‘क्लास’ या शब्दाशेजारी एक अक्षर छापलेलं असतं: वाय, एम, के, व्ही असं काहीतरी. ते अक्षर इकॉनॉमीच्याच आतली भाड्याची पायरी सांगतं. शेजारशेजारी बसलेल्या दोघांना जेवण तेच, पाय ठेवायला जागा तीच, पण एकाच्या खात्यात शंभर टक्के मैल पडतात आणि दुसऱ्याच्या पन्नास, पंचवीस, कधीकधी काहीच नाही. सेलमधलं तिकीट नेमकं खालच्या पायरीचं असतं. कंपनीला तारीख बदलायची मुभा हवी असते म्हणून ती वरच्या पायरीचं तिकीट काढते, आणि तुमचे मैल इतक्या भराभर साठले ते त्यामुळे. स्वतःच्या खिशातून काढताना तुमचा हात त्या तिकिटाकडे जाणार नाही. जायलाही नको.

बँकेच्या कार्डावरचे पॉइंट मैलांत फिरवून खड्डा भरायचा विचार असेल, तर तसे आणलेले मैल तिकीट काढायला कामी येतात, दर्जा ठरवताना सहसा धरत नाहीत. एअर इंडियाने तर 2024 मध्ये अंतराचा हिशेबच सोडून दिला. तिथे आता भाड्यापोटी किती रुपये मोजले त्यावर पॉइंट मिळतात, त्यामुळे स्वस्त तिकिटावर लांबचा पल्ला मारून वर चढायची युक्ती तिकडे संपलीच.

मी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत निर्यातीचं काम बघते. बरीच वर्षं जर्मनीला जाणं-येणं आहे, ऑफिसात हा ‘गोल्ड ज्वर’ दर नोव्हेंबरात येतो आणि मी तो जवळून पाहते. त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. दर्जा मिळतो मागच्या प्रवासावर, पण त्याचा उपयोग होतो पुढच्या प्रवासात. आमच्याकडचा एक इंजिनिअर असाच हट्टाने गोल्ड झाला. कार्ड आलं आणि महिन्याभरात त्याचा प्रोजेक्ट ‘गो-लाइव्ह’ होऊन संपला. पुढचं वर्षभर त्याचा लांबात लांब प्रवास म्हणजे चाकण ते सिंहगड रोड. (तो प्रवासही काही कमी नाही म्हणा, पण त्याचे मैल कोणी देत नाही.)

म्हणून किती मैल कमी आहेत हे नंतर बघा. आधी मॅनेजरला विचारा, की पुढच्या वर्षी माझ्या नावावर किती ट्रिप आहेत? ‘बघू’ असं उत्तर आलं तर विषय मिटला. तीन किंवा जास्त लांबच्या ट्रिप पक्क्या असतील, त्याही याच अलायन्सच्या विमानांनी, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता गोल्ड देतं काय? स्टार अलायन्स गोल्डला चेक-इनची वेगळी रांग, आधी बोर्डिंग, बॅग आधी बाहेर येणं, लाउंजमध्ये तुम्ही आणि सोबत एक जण, आणि सामानात 20 किलो जास्त किंवा जिथे नगावर मोजतात तिथे एक जादा बॅग. तुमच्या सिल्व्हरवर वेटिंग लिस्टमधल्या प्राधान्यापलीकडे अलायन्सकडून फारसं काही मिळत नाही, त्यामुळे ही उडी मोठी वाटते हे खरं आहे.

पण पुणेकराच्या बाबतीत यातलं किती उरतं ते बघा. लोहगावहून उडणारी बरीचशी विमानं इंडिगोची. इंडिगो स्टार अलायन्समध्ये नाही. एअर इंडिया आहे, 2014 पासून, पण एअर इंडिया एक्सप्रेस नाही. नाव सारखं म्हणून कार्ड पुढे केलंत तर काउंटरवरची मुलगी गोड हसून साध्या रांगेकडे बोट दाखवते. दिल्ली-बंगळुरूच्या फेऱ्यांत गोल्डचा उपयोग तुम्ही कोणत्या विमानात बसता यावर ठरतो, आणि ते बहुतेक वेळा भाडं आणि वेळ बघून ट्रॅव्हल डेस्क ठरवतो.

युरोपला जायचं तर मुंबई गाठणं आलं. एकेकाळी पुण्याहून लुफ्तान्साचं थेट फ्रँकफर्ट विमान होतं, ते गेलं. विमानतळ हवाई दलाचा, धावपट्टी आखूड, त्यामुळे मोठी विमानं इथून सुटत नाहीत. तेव्हा आपला प्रवास संध्याकाळी टॅक्सीत सुरू होतो. त्यातला सगळ्यात त्रासाचा भाग खंडाळ्याच्या घाटात आहे, आणि बोरघाटात ट्रेलर आडवा झाला की गोल्ड, प्लॅटिनम सगळे एकाच रांगेत. घाटाच्या भीतीने आपण इतके लवकर निघतो की मुंबईच्या टर्मिनल दोनवर तीन-चार तास हातात उरतात. तेव्हा लाउंज हवंच, मान्य. पण क्रेडिट कार्डावर लाउंज मिळतंय का ते आधी बघा, कार्डाच्या खर्चाची अट नीट वाचून. तुमच्या पगाराच्या खात्यावर बँकेने दिलेल्या कार्डात ती सोय बऱ्याचदा असते. नुसतं बसायला खुर्ची आणि गरम जेवण हवं असेल, तर त्यासाठी सिंगापूरला जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझ्या मते गोल्डची खरी किंमत दोनच ठिकाणी वसूल होते. एक, सामान. स्टुटगार्टला माझी नणंद असते. दिवाळीच्या आसपास ट्रिप असली की एका बॅगेत माझे कपडे आणि गिअरचे नमुने, दुसरीत भाजणी, मेतकूट, अनारशांचं पीठ. जादा बॅगेचे पैसे एअरलाइनला भरले तर त्या पिठाचा भाव केशराला लाजवेल.

दुसरं म्हणजे वाईट दिवस. जानेवारीत एकदा दिल्लीला धुक्याने माझं पुढचं विमान चुकलं. ट्रान्स्फर काउंटरवर रांग खांबाला वळसा घालून मागे गेलेली, पुढे एक काका पासपोर्टच्या चळतीसह तावातावाने भांडताहेत. बाजूच्या प्राधान्याच्या खिडकीवर माझ्यापुढे दोघंच होते. त्याच रात्रीच्या विमानात जागा मिळाली. त्या मोठ्या रांगेतले आमचेच दोन सहकारी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले. जर्मनीत संपाचे दिवस अधूनमधून येतातच, 2024 च्या सुरुवातीला लुफ्तान्साच्या ग्राउंड स्टाफचे लागोपाठ संप झाले होते. अशा वेळी वेगळी खिडकी आणि वेटिंग लिस्टमधलं वरचं नाव याला मोल आहे. अपग्रेडच्या आशेवर मात्र राहू नका. ते ज्या त्या एअरलाइनच्या मर्जीवर असतं, अलायन्सच्या गोल्डमध्ये त्याची हमी नाही.

स्टेटस मॅचबद्दल. कल्पना चांगली आहे, वेळ चुकीची आहे. बहुतेक एअरलाइन्स प्रतिस्पर्ध्याचं गिऱ्हाईक ओढायला हे देतात, म्हणून त्याच अलायन्समधलं कार्ड सहसा चालत नाही. शिवाय सिल्व्हर दाखवलंत तर बदल्यात सिल्व्हरच्याच तोडीचं मिळतं. पुष्कळदा ते तीन-चार महिन्यांपुरतं असतं आणि टिकवायचं तर त्या मुदतीत ठरलेले प्रवास त्यांच्याच विमानाने करावे लागतात. फी परत मिळत नाही, आणि एकदा घेतलं की पुन्हा काही वर्षं दार बंद. ऑफर एमिरेट्ससारख्या कुठल्याच अलायन्समध्ये नसलेल्या एअरलाइनची असेल, तर तो दर्जा मुख्यतः त्यांच्याच विमानांत चालतो. ऑफर घ्यायचीच तर पुढच्या वर्षीच्या दोन ट्रिपची तिकिटं हातात पडतील तेव्हा अर्ज करा. डिसेंबरात, कॅलेंडर कोरं असताना मुदतीचं घड्याळ सुरू करू नका.

नियमांत आणखी एक गोष्ट बघा: मोजणीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर कार्ड बहुतेक पुढच्या वर्षअखेरीपर्यंत चालतं. म्हणजे डिसेंबरात धापा टाकत मिळवलेलं गोल्ड जेमतेम वर्षभर टिकतं. तेच पुढच्या वर्षी कंपनीच्या खर्चाने मेपर्यंत मिळालं तर दीड वर्षाहून जास्त. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या मैलांच्या योजनेत उलट आहे. तिथे गोल्डला 12 महिन्यांत 50,000 मैल लागतात, आणि ते 12 महिने तुमच्या सभासदत्वाच्या तारखेप्रमाणे चालतात. तुमचं ‘डिसेंबर’ खरंच डिसेंबर आहे ना, हे ॲपमध्ये एकदा तपासा.

आणि खिशाला हात घालायच्या आधी हे करून बघा. चारही ट्रिपचे मैल खात्यात प्रत्यक्ष जमा झालेत का ते ओळीओळीने तपासा. ट्रॅव्हल डेस्क तिकीट काढताना सभासद क्रमांक टाकायला विसरतो, किंवा एजंट मधल्याच एका टप्प्यावर टाकतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आमच्याकडे आता प्रत्येक जण चेक-इनला स्वतःच सांगतो. राहिलेले मैल नंतर मागता येतात. बहुतेक ठिकाणी सुमारे सहा महिन्यांची मुदत असते, ई-तिकीट क्रमांक लागतो आणि बोर्डिंग पास मागतात. प्रवासखर्चाच्या बिलांना जोडून ते पास तुम्ही अकाउंट्सला दिले असणार, त्यांच्याकडून स्कॅन मागवा. मुंबई-फ्रँकफर्टचा एक टप्पा चार हजार मैलांचा आहे. असे दोन टप्पे सुटलेले निघाले तर प्रश्नच मिटला, आणि एकही नाही निघाला तर डिसेंबर घरी घालवा.