गाडी भंगारात जाण्याआधी तज्ज्ञ गाठ

पहिलीच जीवघेण्या अपघाताची केस हाती आली आहे, तर आधी एक काम कर: गाडी आहे त्या अवस्थेत जपून ठेवायची लेखी मागणी आजच पाठव. अपघाताची पुनर्रचना करणारा तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी गाडी भंगारात गेल्यावर त्याच्या हातात फक्त फोटो उरतात. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये धडकेआधीच्या साधारण 5 सेकंदांचा वेग, ब्रेक आणि सीटबेल्टची नोंद सापडते. रस्त्यावरच्या खुणा मात्र पावसाने, रहदारीने पुसट होत जातात.

तज्ज्ञाचा आकडा आला की तो कुठून आला ते विचारच. चाकं घासल्याची खूण 30 मीटर असेल आणि घर्षणांक (टायर आणि रस्त्यातली पकड दाखवणारा आकडा) 0.7 धरला, तर वेग ताशी 73 किलोमीटरच्या आसपास निघतो. रस्ता ओला म्हणून तोच 0.4 धरला की 55 वर येतो. खूण तीच, पण निष्कर्ष पार बदलला! विरुद्ध बाजूचा वकील नेमकं इथेच बोट ठेवतो.

गाडीच्या दिव्यात जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर त्याची तारसुद्धा बघायला सांग. दिवा चालू असताना धडक बसली तर तापलेली तार ताणून वेडीवाकडी होते. बंद असेल तर सहसा तुटते किंवा तशीच राहते. दिवे लागले होते का, या वादात एवढीशी तार कामी येते.

आणि तज्ज्ञाला आपल्याला हवं ते उत्तर सुचवू नकोस. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना खरं काय झालं ते कळायला हवं, ते आपल्या विरोधात गेलं तरी.