कुठला चार्ट कधी वापरायचा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ह्यावेळी बहुतेकांनी विचारलंय की "कुठला चार्ट चांगला दिसेल". मी उलट आधी हे विचारते की वाचणाऱ्याने कशाची तुलना कशाशी करायचीय? तेवढं एका वाक्यात सांगता आलं की चार्ट जवळपास ठरलेलाच असतो.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांचे लाभार्थी दाखवायचेत. साहेबांना पाय चार्टच (गोलाचे तुकडे असतात तो) हवाय, तोही थ्रीडी. देऊ का?

नका देऊ. अकरा तुकडे म्हणजे अकरा रंग, वाचणारा सारखा लेजेंडकडे, म्हणजे कुठला रंग कुणाचा ते सांगणाऱ्या चौकटीकडे बघणार, परत पायकडे येणार, आणि एवढं करूनही मोहोळ मोठा का माढा ते त्याला सांगता येणार नाही. डोळ्यांना लांबी जितकी नीट मोजता येते तितका कोन येत नाही. 1984 साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी लोकांवर प्रयोग करून हेच दाखवलं, एकाच पट्टीवरच्या जागांची तुलना करताना चुका सगळ्यात कमी आणि कोन ओळखताना बऱ्याच जास्त. थ्रीडी केलं की पुढच्या तुकड्याची जाडीसुद्धा दिसते, म्हणजे आकडे सारखे असले तरी पुढचा तालुका मागच्यापेक्षा मोठा वाटतो, आणि हे चालवून घेण्यासारखं अजिबात नाही.

आडवा बार घ्या आणि मोठ्यापासून लहानाकडे सॉर्ट करा. आडवा अशासाठी की "दक्षिण सोलापूर", "मंगळवेढा" ही नावं सरळ वाचता येतात, उभ्या कॉलमखाली ती तिरकी होऊन बसतात. एक्सेलमध्ये आडवा बार केला की यादी उलटी येते, टेबलातलं पहिलं नाव सगळ्यात खाली जातं. तेव्हा नावांच्या ॲक्सिसवर (चार्टच्या कडेची पट्टी) राईट क्लिक करून फॉर्मॅट ॲक्सिसमध्ये "कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर"वर टिक करा. साहेबांशी वाद घालू नका, दोन्ही चार्ट एकाच कागदावर छापा आणि विचारा, सर, तिसरा नंबर कुठल्या तालुक्याचा? पाय ठेवायचाच असेल तर दोन-तीन तुकडे असतील आणि सगळे मिळून 100 टक्के होत असतील तिथेच ठेवा.

प्रश्न: तीन शाळांची हजेरी 92, 93 आणि 95 टक्के आहे. बार सगळे सारखेच दिसतात म्हणून ॲक्सिस 90 पासून सुरू केला. चालेल?

बारला नाही चालणार. बारमध्ये माणूस उंची बघतो. 90 पासून सुरू केलं की 92 ची उंची उरते 2 आणि 95 ची 5, म्हणजे तिसरी शाळा अडीचपट पुढे आहे असं चित्र तयार होतं. बार शून्यापासूनच. फरक खरंच महत्त्वाचा असेल तर ठिपके वापरा, ठिपक्याची फक्त जागा बघितली जाते म्हणून तिथे 90 पासून सुरुवात केली तरी चालते, फक्त ॲक्सिसवरचे आकडे ठळक ठेवा. एक्सेलमध्ये लाईन विथ मार्कर्स घेऊन लाईन काढून टाकली की झालं. आणि बार सारखेच दिसतायत, तर कदाचित हजेरी सारखीच आहे, मग तसंच लिहा ना!

प्रश्न: जायकवाडीचा साठा आणि पाऊस एकाच चार्टवर दोन ॲक्सिस घेऊन दाखवलाय, पण बघणारे गोंधळतात.

गोंधळणारच. दोन ॲक्सिसच्या चार्टमध्ये रेषा एकमेकींना कुठे छेदतात ते तुम्ही निवडलेल्या स्केलवर ठरतं, डावीकडचा ॲक्सिस थोडा ताणला की छेदायची जागा बदलते, आणि बघणारा मात्र तिथेच अर्थ शोधत बसतो. त्यापेक्षा एकाखाली एक दोन चार्ट करा, खालची तारखांची पट्टी अगदी एकसारखी. वर पाऊस बारमध्ये, कारण तो दर आठवड्याला वेगळा मोजला जातो, आणि खाली साठा रेषेत, कारण तो सलग चढतो-उतरतो. आणखी एक, पाऊस धरणाजवळच्या पैठणचा घेऊ नका. जायकवाडी भरतं ते मुख्यतः वरून, नाशिक-नगरकडून गोदावरीत येणाऱ्या पाण्याने. पैठणचा पाऊस घेतलात तर चार्ट कितीही सुबक काढा, दोघांचा मेळ बसणार नाही.

रेषा काळासाठी आणि बार वेगवेगळ्या गोष्टींसाठी, हे खूप जुनं आहे. विल्यम प्लेफेअर ह्या स्कॉटिश माणसाने 1786 च्या ॲटलसमध्ये (चार्टच्या पुस्तकात) व्यापाराचे आकडे वर्षांनुसार रेषांनी दाखवले, पण स्कॉटलंडचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, म्हणून तिथे त्याने देशांप्रमाणे बार काढले.

प्रश्न: महाराष्ट्राच्या नकाशावर जिल्हावार रुग्णसंख्या रंगवायची आहे.

संख्या रंगवू नका, दर लाख लोकांमागे किती ते रंगवा. गडचिरोलीचं क्षेत्रफळ 14 हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि 2011 च्या जनगणनेत लोक पावणेअकरा लाखांच्या आसपास. मुंबई शहर जिल्हा जेमतेम 157 चौरस किलोमीटर आणि लोक जवळपास 31 लाख. ए-फोर कागदावर मुंबई दिसतसुद्धा नाही आणि गडचिरोलीचा रंग नजरेत भरतो, म्हणजे नकाशा माणसांऐवजी जमीन दाखवतो. एकूण संख्याच हवी असेल तर जिल्ह्यावर लहान-मोठी वर्तुळं काढा.

आणि पालघर बघा! तो जिल्हा 2014 ला झाला, 2011 च्या जनगणनेच्या टेबलात तो ठाण्यातच आहे. 36 जिल्ह्यांच्या नकाशाला 35 जिल्ह्यांचं टेबल जोडलं की पालघर कोरा राहतो आणि ठाण्याला दोघांची लोकसंख्या मिळते, म्हणजे ठाण्याचा दर खोटा कमी दिसतो. तालुकावार आकडे घेऊन आधी वेगळे करा.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. दोन्ही तुकड्यांची गणिताची सरासरी 52 आलीय. बार चार्ट काढू का?

दोन सारखे बार काढून पालकांना काय कळणार? हिस्टोग्राम काढा, म्हणजे कुठल्या मार्कांच्या गटात किती मुलं ते दाखवणारे बार, प्रत्येक तुकडीचा वेगळा, दहा-दहा मार्कांचे गट करून. एका तुकडीत बहुतेक मुलं 45 ते 60 मध्ये असतील आणि दुसरीत अर्धी 30 च्या आसपास, अर्धी 75 च्या, तरी सरासरी 52 च येऊ शकते. त्या दुसऱ्या तुकडीला वेगळं शिकवायला लागेल, आणि सरासरीच्या बारमध्ये ती मुलं दिसतच नाहीत. एक्सेल 2016 पासून हिस्टोग्राम तयारच मिळतो, फक्त बिन विड्थ (गटाची रुंदी) स्वतः 10 टाका, नाहीतर ते 13.7 सारखे विचित्र गट करतं.

प्रश्न: रंग कुठले वापरू?

रिपोर्टची शेवटी झेरॉक्सच निघते, त्यात लाल आणि हिरवा एकच होऊन जातात, आणि काही लोकांना तो फरक एरवीही दिसत नाही. सगळं राखाडी ठेवा, ज्याबद्दल बोलताय तो एकच बार गडद करा, आणि लेजेंड काढून नावं बार किंवा रेषेच्या शेजारीच लिहा. पाठवण्याआधी एक प्रिंट ब्लॅक अँड व्हाईट काढून बघा.