कॅमेरा पिशवीतच राहू दे

बाबू, दंगल झालेल्या गावात माहितीपट करायला गेलास तर पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढूच नको. पारावर बस, कापूस वेचायला जा. यवतमाळकडच्या एका गावात मी उतरल्या उतरल्या ट्रायपॉड लावला अन् दोन्ही मोहल्ल्यांची दारं महिनाभर बंद झाली. चूक माझीच होती.

जळालेलं दुकान सगळेच टिपतात. तू हात टिप. त्याच गावात पिंजारीचाचा पाच महिन्यांनी शेजारणीच्या अंगणात आले, गादी पिंजायला. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "चाचा, कापूस घरचाच आहे, जपून." चाचांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी काहीच विचारलं नाही. तो माझा सर्वांत चांगला प्रसंग.

२००६ चा ‘द इमाम अँड द पास्टर’ हा माहितीपट जरूर बघ. नायजेरियातल्या १९९२ च्या मुस्लिम-ख्रिस्ती दंगलीत पास्टर जेम्स वुये यांचा उजवा हात गेला. इमाम मुहम्मद अशाफा यांचे गुरू अन् दोन चुलतभाऊ मारले गेले. मनात सूड असतानाच दोघांची गाठ पडली, हे त्यांनी लपवलेलं नाही. तूही लपवू नको, घाईची गळाभेट खोटी दिसते.

कच्चा कट, म्हणजे माहितीपटाची पहिली जुळवणी, आधी ज्यांचा आहे त्यांना घरी दाखव. "हे काढ" म्हणाले तर काढ, वाद नको. आपण परत जातो, त्यांना तिथंच राहायचं असतं.

मग पडदा शाळेच्या पटांगणात लाव. संपल्यावर सतरंज्या लगेच गुंडाळू नको. लोक उठता उठताच बोलतात.