जेवणाचं लॅटिन आमंत्रण इंग्रजी पद्यात करताना

सुरुवात रोमन कवी कॅटलसच्या १३व्या कवितेपासून करा, चौदाच ओळी आहेत. दुसरा रोमन कवी मार्शल, त्याचं १०.४८ (दहावं पुस्तक, ४८वी कविता) नंतर. आधी शब्दशः गद्य भाषांतर करून ठेवा, मग मूळ पुस्तक मिटा.

कॅटलसचं अकरा अक्षरांचं वृत्त इंग्रजीत आणायला जाऊ नका. ते ऱ्हस्व-दीर्घावर चालतं, इंग्रजी आघातावर. ओळी ठोकळेबाज होतात. पाच आघातांची, दहा अक्षरी यमकी द्विपदी पुरते.

इंग्रज कवी बेन जॉन्सनचं १६१६ साली छापलेलं पद्य आमंत्रण समोर असू द्या. त्यात मार्शलच्या तीन कविता (५.७८, १०.४८, ११.५२) कालवल्या आहेत, पण मार्शलच्या ताटातली डुकरिणीची आचळं गायब. त्याऐवजी ऑलिव्ह, केपर, मटण, पोटात अंडी असलेली कोंबडी, लिंबं. म्हणजे लंडनला मिळेल तेच. 'पॅलेट'ला (जिभेची चव) 'सॅलड' जोडलंय बघा: अर्धवट यमक, ओळीत एक अक्षर जास्त, आणि म्हणूनच गंमत. नवशिक्यांची यादी फसते ती प्रत्येक ओळ पदार्थाच्या नावावर संपवल्याने. वाक्य पुढच्या ओळीत वाहू द्या.

'तू यावंस म्हणून खोटंही सांगेन' हे मार्शलचं वाक्य जॉन्सनने बरोब्बर तित्तिर-फेझंट या पक्ष्यांच्या आधी ठेवलंय. तुमच्याही यादीत साधं आधी, थापा नंतर.

शेवट स्वस्तात उरकू नका. मार्शल सांगतो, इथे बोललेल्याची सकाळी धास्ती नको. जॉन्सन तिथे पूली आणि पॅरट या खबऱ्यांची नावंच घालतो. तुमच्या पाहुण्यांना कोणाची धास्ती असेल, ते आधी ठरवा.