कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू रात्री क्रेटमध्ये (जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवलं की रडतं. त्याला सवय कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणून चार दिवस झाले, क्रेट हॉलमध्ये आहे, दिवे मालवले की रडारड सुरू होते आणि घरचे म्हणतात, रडू दे, दमून गप्प बसेल. माझं ऐकाल तर आज रात्रीच क्रेट उचलून तुमच्या पलंगाला लागून ठेवा.

परवापरवापर्यंत हे पोर आईच्या पोटाशी, भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होतं. आता ना तो वास, ना ती ऊब. त्याचं रडणं एकटं पडल्याचं आहे. क्रेट बिचारा निमित्त.

आम्हीही हीच चूक केली होती. आम्ही कोल्हापूरजवळ कळंब्याला राहतो. जुलैचे दिवस, बाहेर धो धो पाऊस आणि क्रेट जिन्याखाली. रात्री दीडला आज्जी उठून बसली, "अगं, त्या लेकराला कोंडून घातलंयस व्हय?" मला रडूच आलं. क्रेट ओढत खोलीत आणला, शेजारी जमिनीवर अंथरूण टाकलं आणि जाळीतून दोन बोटं आत सरकवली. आमच्या छोट्या कुत्रीनं ती हुंगली, एकदा चाटली, मग हनुवटी बोटांवर टेकवून डोळे मिटले. हाताला मुंग्या आल्या तरी मी हात काढला नाही. दुसऱ्या दिवशी आज्जीनंच जुन्या लुगड्याचा तुकडा आत अंथरायला काढून दिला. आठवडाभर शांत झोपायला लागल्यावर क्रेट रोज हातभर दाराकडे सरकवत नेला. महिन्याभरात तो हॉलमध्ये पोहोचला आणि ती कुरकुरलीसुद्धा नाही.

आता रडण्यातला फरक ओळखायला शिका, सगळं तिथंच आहे. दार लावल्या लावल्या कुरकुर करतं ते "मला बाहेर घ्या" म्हणून. तेव्हा बोटं आत द्या, हळू आवाजात बोला, पण दार उघडू नका. दोन-तीन तास झोपून अचानक उठलं, आत गोल फिरायला लागलं, जाळी खरवडायला लागलं, तर शू आलीय, लगेच उचला. वय जेवढे महिने त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास पिल्लू शू धरू शकतं. म्हणजे तुमचं तीन तास. त्यानं रडून उठवण्याआधी तुम्हीच गजर लावून उठलात तर उत्तम. म्हणजे रडलं की दार उघडतं हे गणित त्याच्या डोक्यात बसत नाही. मग चार-पाच दिवसांनी गजर पंधरा-वीस मिनिटं पुढं ढकलत जा.

बाहेर नेताना पट्टा लावा, रोज एकाच जागी न्या, मोठा दिवा नको, खेळणं नको, लाड नकोत. शू झाली की त्याच क्षणी शाबासकी आणि परत आत. आपल्याकडच्या पावसात पिल्लं ओल्यात पाय टाकायला तयार नसतात, म्हणून पोर्चमध्ये एका कोपऱ्यात गोणपाट टाकून तीच जागा ठरवून द्या. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, जिथं रस्त्यावरची कुत्री फिरतात तिथं त्याला खाली सोडू नका. रंकाळा तलावावर फिरवायची हौस तोवर राहू दे. पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा संसर्ग) झाला तर पिल्लू हातचं जाऊ शकतं.

रात्रीचं जेवण सातच्या आसपास. झोपण्याआधी दोन तास पाणी उचलून ठेवलं तरी चालेल, फक्त दिवसभर आणि विशेषतः उन्हाळ्यात त्याला भरपूर पाणी मिळायला हवं. आणि झोपताना वाटीभर दूध अजिबात नको. आपल्या कोल्हापुरात प्रेम म्हणजे दूध, हे मला कळतं. पण गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तुम्ही खुशाल प्या, पिल्लाला देऊ नका. बऱ्याच पिल्लांना म्हशीचं-गाईचं दूध पचत नाही. पोट बिघडलं की रात्री क्रेट घाण होतो आणि एकदा घाणीत झोपायची सवय लागली की ती मोडणं फार अवघड.

क्रेटचं मापही बघा. उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून पडता यावं, बस्स. लॅब्रॅडॉर मोठा होणार म्हणून मोठा क्रेट घेतला असेल तर मध्ये आडवी जाळी घाला, नाहीतर एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात शू करेल. आत ठेवताना गळपट्टा काढा, जाळीत अडकून फास बसू शकतो. जेवण रोज क्रेटमध्येच द्या, सुरुवातीला दार उघडं, मग खाताना बंद, मग खाल्ल्यावरही पाच मिनिटं. शिक्षा म्हणून मात्र एकदाही आत कोंडू नका.

शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा की चार-आठ दिवस थोडा आवाज होईल. आपल्या गल्लीतली माणसं समजून घेतात, आधी सांगितलेलं असलं की.

आणि रडण्याबरोबर जुलाब, उलट्या किंवा खाणं बंद असं काही दिसलं तर सवयीचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.