नान्नजजवळ रात्री गाडीला धडकून हरिण मेलं तर ते घरी नेता येतं का?

नाही, ते उचलूही नका. १९२६ वर वनविभागाला लगेच कळवा. सोलापूरच्या माळावरचं हरिण म्हणजे बहुधा काळवीट, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, ते आहे. शिकारीला तर बंदी आहेच, पण चुकून मेलेलं जनावरही कायद्यानं सरकारी मालमत्ता ठरतं. जखमी असेल तर लांबच थांबा: माणसं जवळ आली की भीतीनंच दगावतं बिचारं. मुळात बार्शी रस्त्यावर अंधारात वेग कमी ठेवा. एक उडी मारून गेलं की मागून कळप येतोच! डिपर द्या, सरळ रेषेत ब्रेक दाबा. जनावर वाचवायला स्टेअरिंग झटक्यात वळवू नका, त्यात गाडी उलटते. मात्र मागे ट्रक चिकटून असेल तर ब्रेकही बेतानंच.