वडिलांना टीबी आहे, दोन महिन्यांत खोकला थांबला. गोळ्या उष्ण पडतात म्हणून बंद केल्या तर चालेल का? उष्णतेवर काय द्यावं?

नाही चालणार. खोकला थांबलाय तो गोळ्यांमुळेच.

आमच्या ह्यांचंही असंच झालं होतं. ताप गेला, भाकरी दीडाची दोनवर आली, आणि नेमके तेव्हाच थोरले भावजी गावाहून राहायला आले. ह्यांची लघवी शेंदरी होते हे कळल्यावर सुरूच झाले, "ही उष्णता आहे. गोळ्या माणसाला आतून जाळतात. महिनाभर बंद ठेव, सब्जा घे." अहो, तो गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग! घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी होतं, हे सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. पण सिस्टरचं ऐकतील ते भावजी कसले. "पूर्वी मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये नेत, हवेने माणसं बरी होत," म्हणे. स्वतः मात्र भावाच्या ताटाशेजारी ताट मांडू देत नव्हते. शेवटी गोळ्यांचं पाकीट उचलून माळ्यावर टाकलं. मी स्टूल लावून ते काढलं आणि सकाळी उपाशीपोटी त्यांच्या देखत गोळ्या ह्यांच्या हातावर ठेवल्या. पुढे बरेच दिवस अबोला.

हवेचं म्हणाल तर १९५६ साली मद्रासमध्ये हेच ताडून पाहिलं होतं. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या खोपटात, औषधं तीच. घरचे रुग्ण खाण्यापिण्याची आबाळ असूनही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरातल्यांना लागण जास्त झाली असंही नाही. भावजींना कोण सांगणार!

पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आधी भराभर वाढणारे जंतू मरतात, दडून बसलेल्यांना वेळ लागतो. मध्येच सोडलंत तर दुखणं उलटतं, आणि उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

सब्जा, ताक द्या की, पण गोळीच्या जागी नको. टीबीच्या रुग्णांना सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात, त्यात अंडी, शेंगदाणे आणा.

हां, डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी थांबवायची की बदलायची ते ठरवतील. हाडाचा किंवा मेंदूचा टीबी असेल तर मुदतही जास्त असते.

आणि तुमच्याकडेही कुणी भावजी असतील तर पाकीट कुलपात ठेवा. आमचे अजून चारचौघांत सांगतात, भाऊ सब्ज्याने बरा झाला.